रुखवत आणि स्टेपनी

जुन्नरच्या पेठेत 'त्याची लई हवा आहे' असं कुणाबद्दल म्हटलं, की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बोटांतल्या अंगठ्या आणि मागेपुढे चालणारी पाच-सहा माणसं उभी राहत. माझ्या डोळ्यांसमोर मात्र गाडीचं मागचं डावं चाक उभं राहायचं. हवा असते तोवरच सगळं असतं, ती गेली की उरतं ते नुसतं रबर. हे मला पुस्तकांनी नाही, त्या चाकाने शिकवलं.

गाडी नव्वदच्या दशकाच्या शेवटाला घेतली, तीही वापरलेली. त्या काळी जिला लहान गाडी म्हणत ती एकच होती. शिक्षकापासून डॉक्टरपर्यंत ज्याला म्हणून चार चाकं परवडत त्याच्या दारात तीच असे, फरक असला तर रंगाचा. माझी पांढरी होती, म्हणजे विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं. मी जुन्नरात हायस्कुलात मराठी शिकवत होतो. आमचं मूळ गाव मढ. सुट्टी लागली की आईवडिलांकडे मढला जायचं. माळशेजच्या बाजूच्या त्या रस्त्यावर खडीचे ट्रक इतके, की टायरला काही न टोचता मी घरी पोचलो तर आई विचारायची, आज एसटीने आलास का.

पंक्चरची भीती पंक्चर झाल्यावर वाटत नाही. झाल्यावर काम असतं. जॅक लावा, बोल्ट सैल करा, चाक काढा, स्टेपनी चढवा. भीती असते ती त्याच्या आधीची आणि नंतरची. एकदा शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना घेऊन आहुप्याची देवराई बघायला गेलो होतो. चढावर चाक बसलं, स्टेपनी लावली, देवराई बघितली. सहकारी झाडांची नावं विचारत होते आणि मी परतीच्या रस्त्यावरचे टोकदार दगड आठवत होतो. स्टेपनी आता गाडीखाली होती, म्हणजेच गाडीत नव्हती. उतरताना डिंभे धरणाचं पाणी दिसेपर्यंत मी कुणाशी बोललो नाही. गाडी तीच, माणसं तीच, रस्ताही आलो तोच. पण डिकीत एक चाक पडून आहे एवढी जाणीव काढून घेतली, की माणूस गाडी चालवत नसतो, स्टिअरिंगला लटकलेला असतो.

तेव्हापासून निघण्याआधी डिकी उघडून स्टेपनी अंगठ्याने दाबून बघायची सवय लागली. बायको म्हणायची, देवाला नमस्कार करायचा राहील, पण ह्याचं हे राहायचं नाही. ते एकदाच राहिलं.

माझी थोरली बहीण बोरी बुद्रुकला दिलेली. भाची शाळेत असतानाच दाजी गेले. त्यानंतर ताईच्या घरातला प्रत्येक निर्णय तिच्या थोरल्या दिरांनी घेतला. ते वाईट नव्हते. अडीअडचणीला धावून येत, फक्त धावून आलेलं चार माणसांना दिसावं अशी त्यांची इच्छा असे. ताईच्या विहिरीवर मोटार बसवली तेव्हासुद्धा त्यांनी नारळ फोडायला पंचायत समितीतल्या कुणाला तरी आणलं होतं, आणि मोटार चालू होईपर्यंत दोन भाषणं झाली होती.

भाचीचं लग्न ठरलं ते आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या अलीकडच्या एका गावात. लग्न मुलाच्या दारात होतं. दिरांनी तोवर नवी मोठी गाडी घेतली होती. ती इतकी उंच होती, की आत बसलेल्या माणसाला बाहेरचे लोक आपोआप नमस्कार करत. लग्नाच्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, "नवरी आपल्या गाडीत जाईल. बॉनेटला हार घालून. कळू द्या पाव्हण्यांना कुठल्या घरची पोरगी हाय ती."

ताई आतल्या खोलीच्या दारात बसली होती. इतक्या वर्षांत बैठकीत तिला बोलताना मी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "पोरीला तिचा मामा आणील. त्याच्या गाडीतून."

दिरांनी माझ्याकडे बघितलं, मग दारातून माझ्या गाडीकडे बघितलं, आणि गाडीकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"आणू द्या की," ते म्हणाले. "येळंवर आणलं म्हंजे झालं."

मला कुणी विचारलंच नव्हतं. निघताना ताई गाडीपर्यंत आली. "मंडपाचं, जेवणाचं, भांड्यांचं, समदं त्येंनी बघितलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरीचं लगीन माझ्या घरचं वाटंल आसं येकच काय ते मागितलंय मी. चुकवू नकोस."

लग्नाच्या दिवशी ताई सकाळीच वऱ्हाडाच्या ट्रकबरोबर पुढे गेली. दीर आपली हार घातलेली गाडी घेऊन त्याच्याही आधी गेले. मागे राहिलो आम्ही तिघं. भाची, मी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे दाजींची चुलत आत्या. त्या घराण्यातलं शुभ काय आणि अशुभ काय हे सांगण्याचं खातं त्यांच्याकडे होतं, आणि त्या खात्यात दुसरा कुणी कर्मचारी नव्हता. मागे राहण्याचं कारण, भाचीला नारायणगावच्या पार्लरमध्ये नटवून घ्यायचं होतं. आमच्या भागात पार्लर ही गोष्ट नुकतीच आली होती, आणि तिथून न आलेली नवरी अर्धवट समजली जाऊ लागली होती.

माझ्या गाडीला दुसरी एक जबाबदारी होती, रुखवत. लाडू, करंज्या, भांडी ट्रकमधून गेली होती. पण भाचीने आणि तिच्या मैत्रिणींनी महिनाभर खपून थर्माकोलचा शिवनेरी केला होता. दरवाजे, तटबंदी, टाकी, वर हिरव्या भुशाचं गवत. ट्रकमध्ये पोरांच्या पायांखाली एका दिवसात गड पडला असता. म्हणून तो माझ्या डिकीत जायचा होता. मी आत चहा घेत होतो तोवर आत्याबाईंनी शेजारच्या दोन माणसांकडून तो चढवून घेतला. मी बाहेर आलो तेव्हा डिकी लागलेली होती. उघडायला गेलो तर भाची म्हणाली, "मामा, हात नको लावू. कडेलोटाचं टोक काचेला टेकलंय."

मी हात मागे घेतला.

नारायणगावात पार्लरच्या बाहेर मी आणि आत्याबाई गाडीत बसून होतो. त्यांच्या मांडीवर नारळ होता आणि तो त्या एखाद्या तान्ह्या पोरासारखा सांभाळत होत्या. आतून दर थोड्या वेळाने एक बाई येऊन "झालंच" म्हणून जायची. मुहूर्त दुपारचा होता. मी घड्याळ बघायचो, मग उतरून चारही चाकं बघून यायचो. आत्याबाईंनी शेवटी विचारलं, "मास्तर, चाकं पळून जात्यात व्हय?"

भाची बाहेर आली तेव्हा मी तिला ओळखलं ते चालण्यावरून. मग कळंब, मंचर, सगळं व्यवस्थित झालं. मंचरला वळून घोडेगावचा रस्ता धरला तेव्हा मला जरा बरंसुद्धा वाटलं. वाटायला नको होतं. थोडं पुढे गेल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली, आणि मागून तो आवाज आला. ओल्या गोणपाटाने कुणीतरी रस्ता झोडपतंय, असा तो आवाज असतो. ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही.

मागचं डावं.

माझ्या डोक्याला फेटा होता. उतरलो, डिकी उघडली, शिवनेरी दोन्ही हातांनी उचलून रस्त्याच्या कडेला ठेवला, डिकीतली मॅट वर केली. खाली गोल खड्डा होता. त्यात जॅक होता, पाना होता, आणि एक वाळलेलं आंब्याचं पान होतं.

"आत्याबाई," मी म्हणालो, "इथं एक चाक होतं."

"व्हय. काढून ठिवलं."

"कुठं?"

"वट्यावर. तुमचा गड बसंना त्येच्यामुळं." त्या खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाल्या. "आन् नवरीसंगं काळं न्ह्यायचं नसतंय. येवढं बी ठावं न्हाई व्हय?"

मी गाडीखालच्या चाकांकडे बोट दाखवलं. "मग ही काय पिवळी आहेत?"

"ती भुईला लागल्याली. भुईवरचं चालतं. नवरीच्या पाठीशी नगं." मग माझा चेहरा बघून त्यांनी समजूत काढली. "तसंच न्हाई टाकलं. हळदकुंकू लावून ठिवलंय."

मी आयुष्यभर धर्मशास्त्राची टर उडवत आलो, पण भुईवरचा काळा रंग आणि पाठीमागचा काळा रंग यांतला फरक सांगणारं वचन माझ्या वाचनात नव्हतं. वादाला वेळही नव्हता. सीटखाली पायाने मारायचा पंप होता, तो काढला आणि मारायला लागलो. रेशमी सदरा, डोक्याला फेटा आणि एक पाय पंपावर. रस्त्याने जाणाऱ्या एका जीपमधल्या माणसांनी मला नमस्कार केला. नवरदेवाकडचा कुणी मानकरी काहीतरी विधी करतोय असं त्यांना वाटलं असावं.

टायर उभं राहिलं. गड डिकीत, आम्ही गाडीत, आणि निघालो. आता प्रश्न सोपा होता आणि म्हणून जास्त भयंकर. हवा संपायच्या आत किती रस्ता संपतो? मी जोरात चालवू शकत नव्हतो, कारण टायर. हळू चालवू शकत नव्हतो, कारण मुहूर्त. भाची मागे डाव्या बाजूला बसली होती. मी म्हणालो, "बाय, जरा उजवीकडे सरक." ती सरकली. आरशात दिसत होतं, मुंडावळ्या बोटाला गुंडाळत होती.

पुन्हा थांबलो, पुन्हा पंप मारला. त्यापुढचा टप्पा आधीच्यापेक्षा कमी भरला. वाटेत वडाखाली एक पंक्चरचं दुकान दिसलं. झाडाला जुनं टायर टांगलेलं, शेजारी पाण्याचा टब, सगळं होतं. पत्र्याच्या दाराला कुलूप होतं आणि दारावर खडूने लिहिलं होतं, 'लग्नाला गेलो आहे'.

"ह्यो बी आपल्याच लग्नाला आसंल," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

त्याच्या पुढच्या थांब्याला पंपाने ऐकलं नाही. वरून हवा जात होती आणि खालून येत होती. आत ट्यूब फाटली असणार. मी तरी मारत राहिलो, कारण थांबलो असतो तर भाचीकडे बघावं लागलं असतं. आणि तेव्हाच, दोन्ही बाजूंच्या कांद्याच्या वावरांवरून, वाऱ्याबरोबर लाऊडस्पीकरचा आवाज आला.

"...मुलीच्या मामांना विनंती आहे. मुलीला घेऊन त्यांनी ताबडतोब मंडपात यावे. मुलीचे मामा..."

लग्नालग्नांतून ही हाक मी शेकड्यांनी ऐकली आहे. नेहमी वाटायचं, कोण हा मामा, आणि नेमका ह्याच वेळी कुठे जाऊन बसतो? आता कळलं, मामा कुठे असतो.

"मामा, चालत जाऊया का?" भाची म्हणाली.

मंडप दिसत नव्हता. ऐकू येणारं गाव जवळ असतं असं नाही, विशेषतः कर्णे चार दिशांना लावलेले असले तर. शिवाय शालू, पायातली नवी चप्पल, पार्लर आणि वरचं ऊन. नवरी धुळीत चालत आली हे ताईच्या दिरांना पुढची वीस वर्षं पुरलं असतं.

तेवढ्यात एक मोटारसायकल आली. पुढे फेटेवाला नवरा, मागे पोराला घेऊन बायको. मी हात केला.

"पाव्हणं, लग्नालाच निघालात ना?"

"मग काय. तुमी?"

"मी मुलीचा मामा."

त्याने गाडीत बघितलं, नवरी बघितली, चाक बघितलं. "आरारा," तो म्हणाला.

"एक काम करा. मुलीच्या आईला गाठा. हळूच कानात सांगा, गाडी बसलीय, स्टेपनी नाही, पण येतोय म्हणावं. तिच्याशिवाय कुणाला सांगू नका."

"काय काळजी करू नका, भाऊ. कुणाला कळणार न्हाई."

तो गेला. मी पंप उघडून त्याचा वायसर बघत बसलो. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. लाऊडस्पीकरवर सत्कार चालू होते. अमुक संस्थेचे चेअरमन, तमुक गावचे माजी सरपंच, प्रत्येकाला टॉवेल, टोपी, नारळ. मध्येच, तालुक्याचे नेते लवकरच आपल्यात दाखल होतील, असं आश्वासन. मग माईकवर खुसफुस झाली, कुणीतरी निवेदकाच्या कानाला लागल्यासारखी, आणि तोच भरदार आवाज म्हणाला,

"एक अतिशय महत्त्वाची सूचना. मुलीच्या मामांची गाडी रस्त्यात पंक्चर झालेली असून, मामांकडे स्टेपनी नाही. मी पुन्हा सांगतो. मामांकडे स्टेपनी नाही."

माईकजवळच्या कुणाचा तरी आवाज त्यात शिरला, "आसली तरी सांगंल व्हय? मास्तर माणूस हाय त्यो." आणि मग मंडपभर हसू. कांद्याच्या वावरांवरून ते आमच्यापर्यंत आलं. आमच्याकडे स्टेपनी हा शब्द गाडीपुरता वापरला जात नाही, हे निवेदकाला माईक हातात धरल्यावर आठवलं असावं, कारण तो घाईने पुढे म्हणाला, "तरी मंडपात ज्यांची लहान गाडी असेल, त्यांनी सहकार्य करावे."

आत्याबाईंना ऐकू कमी येत असे. "काय म्हनतोय?"

"तुम्ही काढून ठेवलेल्या चाकाबद्दल बोलतोय," मी म्हणालो.

"माईकवर?" त्या सुखावल्या.

भाचीचे खांदे हलत होते. रडली तर पार्लरचं सगळं पाण्यात जाईल म्हणून मी धावलो, तर ती हसत होती. एका हाताने गाल धरून, मेकअप फाटू नये म्हणून. मग एकदम थांबली.

"आईनं ऐकलं असंल."

"हो," मी म्हणालो.

ताई त्या हसणाऱ्या मंडपात कुठे उभी असेल ते आम्हाला दोघांनाही दिसत होतं.

पहिल्यांदा आली ती दिरांची गाडी. धूळ, हार, हॉर्न. दीर उतरले, चाकाकडे बघितलं आणि एक शब्दही वाईट बोलले नाहीत. त्यानेच मला जास्त भीती वाटली. त्यांनी आपल्या गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

"चल बाय, बस. मास्तर येतील मागनं."

शहाणपणाची गोष्ट तीच होती. मी भाचीला म्हणालो, "जा. आईला मी सांगतो."

ती हलली नाही. "आई मला काय म्हणली माहितीये का, काका? मामाच्या गाडीतून उतरायचं."

"आगं गाडी चालती तर उतरशील ना. मुहूर्त टळतोय तिकडं."

"पुढारी आले?"

दिरांनी घड्याळाकडे बघितलं. "न्हाई आजून."

"मग कसला मुहूर्त टळतोय?"

ती शाळेत असताना मी तिला निबंध शिकवले होते, पण हे मी शिकवलेलं नव्हतं. आमच्याकडे भटजींचा मुहूर्त पत्रिकेत छापतात आणि मंगलाष्टका नेत्यांची गाडी आल्यावर सुरू होतात, हे सगळ्यांना माहीत असतं. कुणी म्हणत नाही एवढंच. त्या माणसाला आयुष्यात कधी मत दिलं नव्हतं, पण त्या दिवशी मी मनापासून प्रार्थना केली, की त्याला अजून दोन सत्कार लागोत.

दीर दार तसंच उघडं धरून उभे राहिले. मग त्यांनी ते लावलं. जोरात नाही. मोबाईल काढला, रेंज शोधत दोन पावलं चालले, आणि तेव्हाच वळणावरून मोटारसायकली आल्या. पहिल्या गाडीवर मागे बसलेल्या माणसाने मांडीवर चाक धरलं होतं. दुसऱ्यानेही. तिसऱ्याने ते दोरीने गळ्यात अडकवलं होतं, हारासारखं. मंडपात लहान गाड्या पुष्कळ होत्या, आणि आपल्या लहान गाडीला माईकवरून कुणी बोलावण्याची ती त्यांच्या मालकांच्या आयुष्यातली पहिली वेळ होती.

आता मान कुणाचा हा प्रश्न उभा राहिला. तिन्ही चाकं एकाच मापाची. एक आमच्या वऱ्हाडातल्याचं, एक घोडेगावच्या दुकानदाराचं, आणि गळ्यातलं नवरदेवाच्या मामाचं.

"पाव्हण्यांचं लावा," दीर म्हणाले. "उद्या म्हनतील, आमची स्टेपनी परत पाठिवली." ह्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा होता.

चौथ्या मोटारसायकलवरून आलेला माणूस बाजूला उभा राहून बघत होता. कुणीतरी त्याला म्हणालं, "आरं तू पंक्चरवाला ना? लाव की हात."

"आज दुकान बंद हाय," तो म्हणाला. त्याच्या अंगात कोरा सफारी होता.

कडेच्या मऊ मातीत जॅक खचायला लागला. दिरांनी इकडेतिकडे बघितलं, बांधावरचा एक चपटा दगड स्वतः उचलून आणला आणि जॅकखाली सरकवला. पांढऱ्या विजारीच्या गुडघ्यावर मातीचा डाग पडला, तो त्यांनी झटकला नाही. बोल्ट मी पिळले. जुनं चाक डिकीत टाकलं तेव्हा आत्याबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. काळं शेवटी नवरीच्या पाठीशी आलंच होतं. मग गडाला जागा उरली नाही. भाची म्हणाली, "काका, किल्ला तुमच्या गाडीत ठेवते. तुमचीच मोठी आहे." दिरांनी मागचं दार पुन्हा उघडलं, आणि शिवनेरी मागच्या सीटवर विराजमान झाला.

ते पुढे, आम्ही मागे. ते रस्ताभर हॉर्न वाजवत गेले. एरवी मला हॉर्नचा तिटकारा आहे. परक्याच्या चाकावर गाडी चालवताना माणूस फार नम्र असतो. मी प्रत्येक खड्ड्याला वाट देत होतो. त्या चाकालाही काही झालं तर पुढे काय, याचा विचार करायचा नाही असं ठरवून तोच विचार करत होतो.

मंडपाच्या तोंडाशी हार घातलेली उंच गाडी वळली आणि निवेदकाचा ताबा सुटला. "ज्यांची आपण सर्वजण आतुरतेने वाट पाहत होतो, ते आपले लाडके नेतृत्व..." ताशे सुरू झाले. सत्काराचं ताट पुढे आलं. कुणीतरी धावत जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं, आणि आतून थर्माकोलचा शिवनेरी निघाला.

निवेदक थांबला. ताशांना कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते वाजतच राहिले, आणि त्या ताशांत माझी पांढरी गाडी मागून येऊन उभी राहिली. भाची उतरली. मामाच्या गाडीतून, ताशांच्या गजरात. लोकांना वाटलं हे असंच ठरलेलं होतं.

ओवाळायला दाराशी दिरांची बायको आणि दोघी-तिघी सवाष्णी उभ्या होत्या. ताई रिवाजाप्रमाणे मागे, मंडपाच्या खांबाआड. निवेदक सावरला होता. "मुलीच्या मामांनी मुलीचा हात धरून तिला बोहल्यावर आणावे," तो म्हणाला. मी हात पुढे केला आणि भाचीने तो बघितला. आत्याबाईंनीही बघितला. कोपरापासून बोटांपर्यंत टायरचं काळं आणि ग्रीस.

"काळं नगं," आत्याबाई म्हणाल्या. "मास्तर, हात नगा लावू."

मी इकडेतिकडे फडकं शोधत होतो. सत्काराच्या ताटातल्या टॉवेलकडे माझी नजर गेली, पण तो नेत्यांचा होता. तेव्हा ताई खांबाआडून पुढे आली. सवाष्णींच्या मधून, ताटाच्या बाजूने, सगळ्यांच्या देखत. तिने माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या पदराने पुसले. नवीन साडी होती, फिकट रंगाची. एका हाताचं काळं पदराच्या एका टोकाला, दुसऱ्याचं दुसऱ्या टोकाला. नीट, बोटाबोटांच्या मधलं, लहानपणी शाळेत पाठवताना पुसायची तसं. मग तिने तो पदर खांद्यावरून पुढे घेतला, डाग वर येईल असा, आणि लग्न लागेपर्यंत पुढेच उभी राहिली. आत्याबाईंच्या खात्यात त्यावर काही नियम असावा, पण त्या बोलल्या नाहीत.

ताशे एकदा वाजून गेल्यामुळे मंगलाष्टका नेत्यांसाठी थांबल्या नाहीत, ते शेवटी आले. त्यांना भाषणाला वेळ मिळाला नाही, तर जेवणाच्या पंगतीत त्यांनी ते केलं.

दुसऱ्या दिवशी मी नवरदेवाच्या मामाचं चाक परत करायची व्यवस्था केली आणि माझी स्टेपनी आणायला बोरीला गेलो. ती ओट्यावर भिंतीला टेकून उभी होती. हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं एक फूल, शेजारी कोंबडी. ताई भांडी मोजून आत ठेवत होती. मी सवयीने चाक अंगठ्याने दाबलं. अंगठा आत गेला.

मी पुन्हा दाबलं. मग चाक आडवं केलं आणि त्यावर पाय दिला. ते चपटं झालं आणि तसंच राहिलं. कधी बसलं होतं कोण जाणे. कदाचित ओट्यावर नव्हे, आधीच, डिकीत, जुन्नरहून निघाल्यापासून. म्हणजे आत्याबाईंनी काढलं नसतं तरीही त्या दिवशी मी तिथेच, त्याच कांद्याच्या वावराशेजारी उभा असतो. फक्त हातात एकाऐवजी दोन बसलेली चाकं असती.

मी ताईला हाक मारून दाखवलं. तिने बोट लावून बघितलं. तिची कालची साडी दोरीवर वाळत होती, पदरावरचा डाग काही गेला नव्हता.

"ह्यात हवाच नव्हती," मी म्हणालो.

तिने चाक पुन्हा भिंतीला टेकवलं. मग पलीकडच्या घराकडे तिने एक नजर टाकली.

"थोरल्या भावजींना सांगू नको," ती म्हणाली.